आज कसं वाजतंय?

कुकरची शिट्टी रोज तीच असते. तोच कुकर, तीच शिट्टी, तोच भात. पण लेक माहेरी यायची असते त्या दिवशी ती कशी लगबगीची वाटते, आणि सकाळी सकाळी घरात कुणाशी वाजलेलं असलं की तीच शिट्टी डोक्यात जाते. शिट्टीला बिचारीला काय ठाऊक!

गाण्याचं सहसा असं होत नाही. गाण्यात शब्द असतात, गाणाऱ्याचा आवाज असतो, आणि तो आपल्याला हाताला धरून नेतो. लताबाईंनी ठरवलं की आता हिला रडवायचं, तर आपण पुरणपोळी लाटत असलो तरी डोळ्यांत पाणी येणार म्हणजे येणारच. पण गेली काही वर्षं माझ्याकडे वाजणारा एक तुकडा असा आहे, की ज्यात शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, तबलासुद्धा नाही. सगळा यंत्रांचा कारभार. साधारण पाच मिनिटांचा तुकडा. आणि तो त्या कुकरच्या शिट्टीसारखा आहे. रोज तोच, पण रोज वेगळा ऐकू येतो.

तुकड्याचं नाव आहे 'राग भूपाली'. वाजवलाय चरणजित सिंग यांनी. हे मुंबईचे वादक, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे. म्हणजे आपण ज्यांचं वाजवणं शेकडो वेळा ऐकलेलं असतं आणि नाव एकदाही ऐकलेलं नसतं, त्यांपैकी एक. १९८२ साली त्यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' अशी एक रेकॉर्ड केली. ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी... असे दहा राग, आणि खाली डिस्कोचा ठोका!

तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच? माझंही तोंड तसंच झालं होतं. १९८२ म्हणजे डिस्कोचा नुसता सुळसुळाट. नाझिया हसनची गाणी येऊन गेलेली, बप्पीदांची जोरात चाललेली. आमच्या बार्शीत लग्नाच्या वरातीत बँडवालेसुद्धा तेच वाजवत होते. मी तेव्हा शाळेत होते. सिंग यांचा विचार साधा होता. सगळेच डिस्को करताहेत, तर आपण वेगळं काय करावं? राग वाजवावेत, तबला बंद ठेवावा आणि ठेका यंत्राला द्यावा.

त्यांच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं होती. एक ज्युपिटर ८, हा पेटीसारख्या पट्ट्यांचा सिंथेसायझर. त्यावर रागाची सुरावट. दुसरं टीआर ८०८, ते ठोके देणारं. आणि तिसरं टीबी ३०३ नावाचं छोटंसं डबडं, ते खर्जातले सूर वाजवणारं. हे तिसरं खरं तर घरी एकट्याने रियाझ करणाऱ्या गिटारवाल्यांना खर्जाची साथ मिळावी म्हणून काढलं होतं. पण त्याचा आवाज खऱ्या गिटारसारखा येईना, कुणी घेईना, आणि दोन-तीन वर्षांत कंपनीने ते बनवणंच बंद केलं. पुढे अमेरिकेत शिकागोच्या पोरांनी हीच जुनी डबडी स्वस्तात घेतली, त्यांची बटणं वेडीवाकडी पिळली आणि १९८७ च्या सुमाराला त्यातून 'ॲसिड हाऊस' नावाचं नाचाचं संगीत निघालं. जगभर गाजलं.

आणि इकडे आपल्या सिंग यांनी तसाच आवाज पाच वर्षं आधी काढून ठेवला होता! पण १९८२ मध्ये त्या रेकॉर्डला कुणी विचारलं नाही. राग ऐकणाऱ्यांना डिस्को नको होता, नाचणाऱ्यांना राग नको होता. नेदरलँड्समधल्या जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या एकाच्या हाती ती लागली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, तेव्हा तिकडच्या लोकांना खरंच वाटेना. कुणीतरी आत्ताच बनवून जुन्या तारखेवर खपवतंय, असा काहींना संशय! मग सत्तरी ओलांडल्यावर सिंग युरोपात जाऊन रंगमंचावर हे वाजवून आले. २०१५ साली मुंबईत ते वारले. त्यांनी ॲसिड हाऊसचा शोध लावला असं आता उत्साहाने लिहिलं जातं, ते मला काही पटत नाही. त्यांना राग वाजवायचा होता. त्या डबड्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि मींड घेणाऱ्या माणसाला ती आवडली असणार, इतकं साधं आहे ते.

हे सगळं मला माझ्या लेकीमुळे कळलं. ती पुण्याला नोकरी करते. एका रात्री तिने मोबाइलवर हा तुकडा पाठवला आणि खाली लिहिलं, 'आई, कानाला लावून ऐक, मोठ्याने लावू नकोस, आजी ओरडेल.'

आजी ओरडण्याच्या स्थितीत नव्हती, हे तिलाही माहीत होतं. सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा तीन महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं पूर्ण थांबलं होतं. ज्या बाईने चाळीस वर्षं पहाटे भूपाळ्या म्हणून घर उठवलं, भगवंताच्या देवळात भजनी मंडळात पहिली ओळ नेहमी जिची असायची, तिच्या तोंडून नुसता एक 'अं' निघायचा. लेकीचा विनोद तिच्या आजीसारखाच होता. तिखट आणि वेळेवर.

त्या रात्री मी ऐकलं. सुरुवातीला सुरांची थोडी सळसळ आणि मग जो ठोका सुरू होतो तो शेवटपर्यंत सोडत नाही. मला नुसता ठोका ऐकू आला. ठक ठक ठक ठक. कूस बदलायला रात्रीतून चारदा उठायचं, औषधाच्या वेळा, चादरी, पातळ खिमट भरवणं, सकाळी साडेदहाला शाळेत हजर. माझ्या दिवसालाच कुणीतरी वीज जोडून दिली होती! मी लेकीला लिहिलं, 'गिरणी आहे नुसती.'

पुढच्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती. नणंद आली होती, त्यामुळे मी दुपारी चक्क दोन तास झोपले. उठून चहा घेताना सहज तेच लावलं. आणि ठोका कुठेतरी मागे गेला. वर ती भूपाची सुरावट कशी मोकळी चालली होती! हात हलवत बाजारातून घरी येणाऱ्या बाईसारखी. मी पुन्हा लावून बघितलं. तोच तुकडा होता.

आमच्या गल्लीत गाण्याचे क्लास घेणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना ऐकवलं, तर त्यांनी दोन मिनिटांत कानातून काढून टाकलं. "राग म्हणजे काय सूर मोजून भरलेली बरणी आहे का?" म्हणाल्या. त्यांचं म्हणणं अगदी चूक नाही. त्या रेकॉर्डवरच्या मेघमल्हारात मला पावसाचा एक थेंब दिसला नाही, आणि किशोरीताईंचं 'सहेला रे' ऐकलेल्या कानाला हा भूप म्हणजे पत्र्याच्या डब्यातलं श्रीखंड वाटणार. पण बाईंनी मला जाता जाता एक गोष्ट सांगितली आणि ती माझ्या फार उपयोगी पडली.

भूपात पाचच सूर. सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद नाहीत. आता देशकार नावाचा दुसरा एक राग आहे, त्याचेही अगदी हेच पाच सूर. मग फरक कशात? थांबण्यात. भूप गंधारावर विसावतो, खालच्या अंगाला रमतो, आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकार धैवताकडे झुकतो, वरच्या अंगाला राहतो, आणि तो सकाळचा. सामान तेच, मुक्काम वेगळा, आणि दिवेलागण झाल्यावरच्या वेळेची सकाळ होते! सुधीर फडक्यांनी 'भाभी की चूडियाँ'मध्ये लताबाईंकडून गाऊन घेतलेलं 'ज्योति कलश छलके' आठवा. त्याला कुणी भूप म्हणतात, कुणी देशकार. आणि आपण तर पहाटेच्या गाण्यालाच भूपाळी म्हणतो. रागाचं घड्याळ रात्र दाखवतंय आणि आपल्या आज्या त्या नावाने उजाडवताहेत.

मला वाटलं, माझ्या कानाचंही हेच होतंय. यंत्राचं काही बदलत नाही. टीआर ८०८ मध्ये सोळा घरं असतात, कुठल्या घरात कुठला आवाज हे एकदा भरलं की ते फिरत राहतं. (त्रितालाच्याही सोळाच मात्रा, पण दोन्हींचा हिशेब वेगळा आहे, उगाच जुळवणी नको.) साथीचा तबलजी निदान गायिकेचा चेहरा बघून सावरून घेतो. हे यंत्र माझा चेहरा बघत नाही. ते थकत नाही, दया करत नाही, रागावतही नाही. मग एखाद्या दिवशी जे वेगळं ऐकू येतं ते कुठून येतं? माझ्याकडूनच. मी कुठे थांबते त्यावरून. चिडलेली असले की ठोक्यावर. काळजीत असले की खालच्या त्या घरंगळणाऱ्या खर्जावर, ते डबडं पोटातून गुरगुरत असतं त्यावर. बऱ्यापैकी असले तर सुरावटीवर. आणि खरं सांगू? कितीदा तरी मला स्वतःला ठाऊक नसायचं की आज मी चिडलेली आहे. 'मला काय झालंय, मी बरी आहे' हे वाक्य आपण बायका किती सहज म्हणतो! तुकडा लावला आणि नुसती गिरणी ऐकू आली, की कळायचं. मग त्या दिवशी मी नवऱ्याला सांगायचे, "आज रात्री दोनच्या वेळेला तुम्ही उठा." तो उठायचाही. पण सांगावं लागायचं.

संगीतोपचारात याच्या जवळचा एक विचार आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्ट्शुलर यांनी १९४० च्या दशकात तो मांडला. खिन्न माणसाला एकदम आनंदी संगीत ऐकवू नये. आधी त्याच्या मनःस्थितीशी जुळणारं ऐकवावं आणि मग हळूहळू तिथून हलवत न्यावं. त्याला 'आयसो तत्त्व' म्हणतात. आपल्याकडे मयताच्या घरी गेलेली बाई आधी शेजारी बसून रडते आणि मग "चल, घोटभर चहा घे" म्हणते, तेच हे. मात्र त्यात ऐकवणारा शहाणा हवा, संगीत निवडून देणारा हवा. माझ्याकडे तो नव्हता. माझा तुकडा मला कुठेच हलवत नव्हता. फक्त मी कुठे उभी आहे ते दाखवत होता. तेवढंही कुणी दाखवत नाही हो!

आता सासूबाईंचं सांगते.

एकदा संध्याकाळी मी त्यांना भरवताना तुकडा मोठ्याने लावला. दोन-तीन घास झाले आणि बघते तर डाव्या हाताची बोटं पलंगाच्या कडेवर पडताहेत. टक, टक. ठोक्यात पडत होती की नाही, ते नीट सांगता येत नाही. पण पडत होती. मला काय आनंद झाला! म्हटलं, ताल धरला! लेकीला फोन केला, नणंदेला फोन केला. दुसऱ्या दिवशी शाळेत माझं कुणाशी तरी बिनसलं होतं. संध्याकाळी तेच वाजवलं, तीच बोटं तशीच पडली, आणि मला वाटलं, या म्हणताहेत बंद कर ही कटकट. तिसऱ्या दिवशी वाटलं, त्यांचा हात दुखत असेल. चौथ्या दिवशी पुन्हा ताल.

जी माणसं बोलू शकत नाहीत त्यांची सेवा ज्यांनी केली आहे त्यांना हे कळेल. त्यांच्या एका बोटाचा, एका उसाशाचा अर्थ दिवसभर आपणच लावत असतो, आणि तो अर्थ आपल्या त्या दिवसाच्या मनाप्रमाणे लागतो. आपण थकलेलो असलो की त्या हट्टी वाटतात. आपण प्रसन्न असलो की त्या गोड वाटतात. त्या तर तिथेच पडलेल्या असतात, तशाच. गाण्याचं एक वेळ चालेल हो. माणसाचं कसं चालेल?

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने आम्हाला एक पद्धत शिकवली होती. 'हो' असेल तर डोळे एकदा मिटायचे, 'नाही' असेल तर दोनदा. पाणी हवं का, कूस बदलू का, यासाठी आम्ही ती वापरायचो. पाचव्या दिवशी मी त्यांच्या समोर बसले आणि विचारलं, "आई, हे बंद करू?"

दोनदा डोळे मिटले. नाही.

"मग आवडतं तुम्हाला?"

पुन्हा दोनदा. नाही!

मी हसतच सुटले. हे त्यांच्या स्वभावाला इतकं धरून होतं! माझ्या हातची आमटी त्यांनी तीस वर्षं अशीच खाल्ली. कधी चांगली म्हणाल्या नाहीत, कधी ताटात टाकलीही नाही. मी हसतेय हे बघून त्यांच्या तोंडाची डावी कड जरा वर गेली. त्यानंतर संध्याकाळी भरवताना ते रोज वाजायचं. बोटं ताल धरत होती की काय करत होती, ते मी पुन्हा ठरवायला गेले नाही. पाणी, कूस, दुखणं, या गोष्टी मात्र मी तेव्हापासून दरवेळी विचारून घेऊ लागले. आज दमलेय म्हणून नाही आणि आज खुशीत आहे म्हणून नाही. विचारून.

त्यानंतर वर्षभराने त्या गेल्या. झोपेतच, फार त्रास न होता.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, भाड्याने आणलेला दवाखान्यातला पलंग परत गेला आणि त्या खोलीत एकदम केवढी तरी जागा झाली. संध्याकाळी भरवण्याच्या वेळेला माझे हात रिकामे. म्हटलं, लावू या. रडायची तयारी ठेवूनच मी लावला. पदर हातात घेतला होता अक्षरशः. आणि तुकडा धावायला लागला! इतका हलका, इतका भरभर मी तो कधीच ऐकला नव्हता. माझे पायच हलायला लागले. पाच मिनिटांत मी ती खोली झाडून पुसून काढली, खिडकी उघडली.

भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणत होतं, "सुटल्या हो बिचाऱ्या." आपल्याकडे 'सुटल्या' हा शब्द गेलेल्या माणसासाठी आहे. मागे राहिलेलं कुणी सुटलं, असं म्हणायची पद्धत नाही. तसं मनात आलं तरी बाई जीभ चावते. मी कुणाला बोलले नाही. पण त्या पाच मिनिटांनी मला ते ऐकवलं होतं आणि यंत्रावर 'असं कसं वाजतोस' म्हणून रागावता येत नाही. त्यांच्यावर माझी माया नव्हती असं नाही. आठवडाभराने, तुकडा निम्म्यावर आलेला असताना, तिथे त्यांची बोटं पलंगाच्या कडेवर पडायची हे आठवलं आणि मी गॅस बंद करून ओट्याला टेकून भरपूर रडले. दोन्ही खरं होतं, आणि तुकडा तोच होता.

लेकीला मी हे सगळं सांगितलं. अगदी 'सुटल्या'सुद्धा सांगितलं. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आई, मला पण तसंच वाटलं होतं. तुझ्यासाठी." तेव्हापासून आमच्या दोघींचा एक रिवाज पडलाय. फोनवर ती 'कशी आहेस' असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर 'बरी आहे' हेच असतं. ती विचारते, "आज कसं वाजतंय?" मग मी सांगते. भरभर वाजतंय. ओढून ओढून वाजतंय. वाजतंय, पण माझं लक्ष नाही. आणि मग मी तिला विचारते. ऑफिसातून येताना तिने ऐकलेलं असतं. ती म्हणते, "वरचे सूर छान लागले आज," की मी ओळखते, पगारवाढीचं काहीतरी हललंय. घरच्यांना वाटतं, या दोघींना गाण्याचं वेड लागलंय.

मागच्या मंगळवारी रात्री मी तिला विचारलं, तर पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाली, "ठोकेच येताहेत, आई. चार दिवस झाले, नुसते ठोकेच."

मी "बरं" म्हटलं. रात्रीच थोडी कणीक मळून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली आणि बुधवारी पहाटेची पुण्याची एसटी पकडली.